रानबोरीची फांदी

झोलेकाला खरं म्हणजे त्या दिवशी नुसतं झोपायचं होतं. इस्पितळाच्या धुलाईघरात लागोपाठ सहा दिवस बारा-बारा तास ओल्या चादरी उपसल्यावर सातव्या दिवशी माणसाला दुसरं काय सुचणार? पण सातवा दिवस काकानं आधीच ठरवून ठेवला होता. सकाळी उठून तिनं आईचं अंग पुसलं, तिला दोन चमचे आंबलेलं दूध भरवलं, त्यातलं निम्मं हनुवटीवरून ओघळलं ते टिपलं, आणि बूट चढवायला बसली. पाय सुजलेले होते. बूट काही केल्या चढेना.

"चप्पल घाल की," दाराशी उभा राहून काका म्हणाला.

"मेलेल्या भावाला आणायला चप्पल घालून जाऊ?"

"तो काय तुझे पाय बघणार आहे?"

"तोच बघायचा," झोलेका म्हणाली, आणि तिनं बुटाची नाडी सोडून तसाच पाय आत कोंबला.

दुमेझ्वेनी काका म्हणजे तिच्या बापाचा धाकटा भाऊ. घराण्यात उरलेला एकुलता एक पुरुष, आणि त्याचाही एक पाय साखरेच्या दुखण्यानं गुडघ्याखाली गेलेला. फांदी घेऊन जायचं काम खरं त्याचं. पण कुबडी घेऊन माणूस वाळूत चालणार कसा आणि होडीत चढणार कसा? तेव्हा ते झोलेकावर आलं. त्या घरातली सगळीच कामं शेवटी तिच्यावर यायची, त्यात हे एक.

मोन्दे, तिचा धाकटा भाऊ, अकरा महिन्यांपूर्वी नोम्लाम्बोला बुडाला होता. नदी समुद्राला मिळते तिथं, होडीत चढताना. तिसऱ्या दिवशी प्रेत सापडलं, ते आणून अंगणात पुरलंही. पण आमच्याकडे नुसतं शरीर आणून भागत नाही. माणूस जिथं गेला तिथं रानबोरीची फांदी घेऊन जायचं, त्याला हाक मारायची, आणि फांदीवरून त्याला घरी आणायचं. नाहीतर तो तिथंच ताटकळत राहतो. हे सगळं पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं. मग काकाचा पाय कापला, मग आईचं दुखणं बळावलं, मग झोलेकाला रजा मिळेना. दिवस गेले.

आणि आई अंथरुणावरून सारखी एकच धोशा लावून बसली होती, "मोन्दे गारठलाय ग. त्याला आत घ्या." डोळ्यांनी तिला दिसत नव्हतं, खाणं सुटलं होतं, पण जीव जात नव्हता आणि झोपही येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. काका म्हणाला, पोरगा दाराबाहेर असताना आई डोळे मिटेल कशी? झोलेकाला वाटायचं, एकदा तो घरात आला की आई सुखानं जाईल. आणि मग मी झोपेन. हे दुसरं वाटलं की तिला स्वतःची लाज वाटायची, पण वाटायचं हे खरं.

काकानं परसातल्या झाडाची फांदी आधीच कापून ठेवली होती. रानबोरीला काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. सरळ काटा पुढची वाट दाखवतो, वाकडा मागची. तिनं ती पांढऱ्या फडक्यात गुंडाळली.

"घरात मारायचीस तशीच हाक मार," काका म्हणाला. "त्याचं नाव घे, बापाचं नाव घे, आणि ये म्हण. नदीपुढं जास्त आब राखत बसू नकोस. हाक मारलीस की घरी पोचेस्तोवर जिवंत माणसाशी चकार शब्द नाही. बोलायचं ते त्याच्याशी. होडी आली, सांग. गाडी आली, सांग. गाडीत त्याची जागा वेगळी धर."

"माहीत आहे, काका. बाबांच्या वेळी मीच होते तुमच्याबरोबर."

"माहीत आहे म्हणतेस ना, म्हणून तर धास्ती वाटते."

दोन गाड्या बदलून ती गेली आणि दोन्ही गाड्यांत झोपली.

नोम्लाम्बोला लोक देखावा बघायला येतात. हिरव्या टेकड्या, त्यांवर निळसर रंगाच्या गोल झोपड्या, खाली रुंद नदी, वाळूवर खुशाल रवंथ करत बसलेल्या गाई. पाठीवर पिशव्या लावलेली गोरी मंडळी तिथं आठवडा-आठवडा राहतात. मोन्दे त्यांच्याच एका उतारघरात सामान उचलायचा, त्यांना होडीतून फिरवायचा. फोनवर म्हणायचा, "ताई, एकदा ये ग. दोन दिवस नुसती पाय पसरून बस, मी शिंपले भाजून घालतो." तिला कधी जमलं नव्हतं. आता आली होती.

मोन्दे गेला त्या पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर जायला होडी लागते. होडीवाला म्खांगेली म्हातारा होता, पण तोंड तरुण.

"ये पोरी, बस. मधोमध बस. होडीही माझ्याच वयाची आहे, एका कुशीवर झाली की उठत नाही." मग त्याचं लक्ष फडक्यातल्या फांदीकडे गेलं आणि त्यानं टोपी काढली. "मोन्देची बहीण तू. नाक तेच. बोलू शकतेस ना अजून?"

"जाताना बोलू शकते. येताना नाही."

"मग आत्ताच बोलून घेऊ. मला गप्प बसलेलं माणूस वल्हवायला जड जातं." त्यानं वल्ही पाण्यात घातली. "गुणी पोर ग. होडीत कधी पहिला चढला नाही. सगळ्यांना म्हणायचा, 'तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून.' मग होडी ढकलायची आणि शेवटी उडी मारून बसायचं. रोज पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्या दिवशीही तसंच ढकलली, आणि मागून लाट आली. मी वळून बघतो तर कुणी नाही."

झोलेकानं मांडीवरची फांदी जवळ ओढली.

"अजून ढकलतो हं," म्हातारा हळूच म्हणाला. "ओहोटीला होडी रुतली की कधी कधी आपसूक सुटते. मी म्हणतो, पुरे मोन्दे, आता बस. बरं झालं आलीस. न्यायला कुणी येतं हेच मोठं. ते पाच जण सतरा वर्षं बसलेत."

"कोण पाच?"

"गवत कापणारे. छपरांचं गवत कापायला डोंगरापलीकडून आले होते. तीन बाया, दोन बाप्ये. माझ्या भावाची होडी उलटली, इथंच, दांड्याजवळ. त्यांचा गाव कुणाला ठाऊक नाही, नावं कुणाला धड माहीत नाहीत. मग हाक कोण मारणार आणि काय म्हणून? मीच आपला सकाळी विचारतो, कसे आहात म्हणून. तेवढीच माणुसकी."

तिनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिनं अर्धवटच ऐकलं होतं. उन्हानं डोळे मिटत होते आणि बुटात पाय ठणकत होते.

दांड्यावर कुणी नव्हतं. एका बाजूला नदीचं तपकिरी पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. खारफुटीच्या चिखलाचा वास येत होता. झोलेकानं फडकं सोडलं, फांदीचं टोक पाण्याला लावलं आणि हाक मारली.

"मोन्दे. फिकिलेच्या मुला, मोन्दे. मी झोलेका."

आता 'ये' म्हणायचं. एवढुसा शब्द. तो घशातच अडकला.

कारण शेवटचं बोलणं तिला आठवत होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, काकाला नाही, आईला तर नाहीच. मोन्देचा शुक्रवारी फोन आला होता. "ताई, रविवारी येऊ का ग? आईला बघावंसं वाटतंय." झोलेका तेव्हा आईची तिसऱ्यांदा ओली झालेली गादी उन्हात टाकत होती. तिचं डोकं फिरलं. "नको येऊस! आठ-आठ महिने तोंड दाखवत नाहीस आणि आता पाहुण्यासारखा येतोस? तिकडेच राहा." तो हसला होता. "बरं बाई, नाही येत." आणि त्या रविवारी, जेव्हा तो घरी आईजवळ बसलेला असता, तेव्हा तो दांड्यावर होडी ढकलत होता.

ज्या तोंडानं 'नको येऊस' म्हटलं, त्याच तोंडानं आता 'ये' कसं म्हणायचं? तिला रडू आलं. वाटलं, आयुष्यभर याच्यावर मी वसवस केली. कधी धड बोलले नाही. आता तो घराण्यातल्या गेलेल्या थोरांमध्ये जाऊन बसलाय, त्याच्या नावानं घरात दारू शिंपडली जाणार. निदान आता तरी त्याला मान द्यावा. आमच्या बोलीत मोठ्या माणसाला एकट्यालाही अनेकांसारखं बोलतात. पाद्रीबाबांना, सासऱ्याला, शाळामास्तरला. झोलेकानं हात जोडले आणि सासऱ्याला म्हणावं तसं अदबीनं म्हणाली:

"या. चला घरी. फार दिवस थांबलात. या."

वारा पडला. लाटेचा आवाज जरा मागे सरल्यासारखा झाला, कुणी बोलत असताना दार लोटून घ्यावं तसा. मग तिच्या हातातली फांदी जड झाली. धुलाईघरात ओली चादर उचलताना मनगटाला लागतं ना, अगदी तेवढं वजन. आला, तिला वाटलं. आला माझा भाऊ. तिनं फांदी फडक्यात गुंडाळून उराशी धरली आणि ढसाढसा रडली. किती महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं.

होडीकडे परत येताना एक गोरी पोरगी भेटली. गळ्यात कॅमेरा. तिनं हसून खुणेनं विचारलं, फोटो काढू का? झोलेकाला बोलता येत नव्हतं, तिनं नुसते खांदे उडवले. पोरीनं कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला, आणि दोन्ही हातांनी खूण केली. लग्नात फोटोवाला करतो तशी. जरा जवळ जवळ या, सगळे मावत नाही आहात.

झोलेका तिच्याकडे बघत राहिली. पोरीनं फोटो काढला, हात हलवला आणि निघून गेली. उन्हामुळं काहीतरी वाटलं असेल बिचारीला.

म्खांगेली होडीत पाणी उपसत बसला होता. त्यानं मान वर केली, झोलेकाकडे पाहिलं, आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. जाताना तो 'ये पोरी' म्हणाला होता. आता तो उभा राहिला आणि म्हणाला:

"या."

फांदीला मान देतोय, असं तिला वाटलं.

"या... सावकाश. सगळे एका बाजूला बसू नका."

झोलेका होडीत चढली. "मोन्दे, ही होडी," ती पुटपुटली. "चढा आता." होडी खचली. मग परत खचली. आणखी एकदा. काठ पाण्यापासून चार बोटांवर येऊन थांबला. होडीत ती होती आणि म्हातारा होता. इतकं वजन घेऊन होडी वाळूतून सुटायची नाही, म्हणून म्खांगेली वल्ह्यानं रेटा द्यायला वाकला, तोच मागून कुणीतरी ढकलल्यासारखी ती अलगद सुटली. झोलेकाच्या ओठांवर हसू आलं. हा मोन्देच. सवय जाते का?

म्हातारा मात्र हसला नाही. नदीच्या मध्यावर आल्यावर त्यानं वल्ही थांबवली.

"पोरी... तुला बोलता येत नाही, मला माहीत आहे. मान हलव नुसती. हाक कशी मारलीस?"

तिनं फांदीवर हात ठेवला.

"ये म्हणालीस ना? एकट्याला म्हणतात तसं... ये?"

तिनं मान हलवली नाही. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, मग उघडले आणि वल्ही पुन्हा हातात घेतली.

"अरे देवा," एवढंच तो म्हणाला. काठाला लागल्यावर तिनं भाडं पुढं केलं ते त्यानं घेतलं नाही. "राहू दे. सतरा वर्षं झाली. मी त्यांना म्हणायचो, कधीतरी फुकट पोचवीन म्हणून." तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या आजूबाजूला, एकेका माणसाचा निरोप घ्यावा तशी त्यानं पाच वेळा मान लववली.

आता काय करायचं? झोलेका रस्त्याच्या कडेला उभी राहून हाच विचार करत होती. परत जावं तर कुणाला काय विचारणार? तोंड उघडलं तर मोन्देही जायचा. अकरा महिने वाट बघून मिळालेला भाऊ हातात होता, निदान वजन तरी होतं. ती गाडीत चढली, दोन जागांचे पैसे दिले, फांदी शेजारच्या जागेवर ठेवली. ड्रायव्हरला रीत माहीत होती.

पंधरा जागांची गाडी. भरल्याशिवाय हलायची नाही. पुढच्या रांगांत सात-आठ माणसं बसली, मागचा बाक आणि झोलेकाच्या पुढची रांग मोकळी. तेवढ्यात एक म्हातारी टोपलीत कोंबडी घेऊन आली, दारातून आत डोकावली आणि मागे सरली.

"नको बाई. गच्च भरलीय."

"आजी, पाच जागा मोकळ्या आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "डोळे तपासून घ्या."

"तूच घे तपासून. आणि एवढ्या भिजलेल्या माणसांत मी नाही बसायची. माझे गुडघे आधीच धरलेत."

पुढचे लोक हसले. ड्रायव्हरनंही हसत आणखी दोघांना हाक मारली. ते दाराशी आले, आत बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. ड्रायव्हर चरफडला आणि पाच जागा रिकाम्या ठेवूनच गाडी निघाली.

काचा उघड्या होत्या तरी आत वास साचत होता. नदीच्या चिखलाचा, आणि त्यात ताज्या कापलेल्या गवताचा. रस्ता वळणावर चढू लागला तशी मागच्या बाकाखालून पाण्याची एक बारीक रेघ झोलेकाच्या बुटापर्यंत आली. तिनं पाय वर उचलले. फांदीवर हात ठेवून ती अगदी हळू म्हणाली:

"मोन्दे... तुम्ही एकटेच आहात ना?"

शेजारच्या जागेवरून काहीच आलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी, फार दिवसांनी कुणी विचारपूस केल्यावर संकोचानं बोलावं तसं म्हणालं, "हो." बाईचा आवाज होता.

घरी पोचेपर्यंत, दुसऱ्या गाडीतही, झोलेकानं मान वळवली नाही.

सूर्य टेकडीवर होता. काका फाटकाशी बोकड धरून उभा होता. फांदीची पानं बोकडानं खाल्ली की पाहुणा घरात मुरला, अशी रीत. बोकड झोलेकाला बघून दोरी ताणत मागे मागे सरला, पार कुंपणाला जाऊन भिडला, आणि ओरडायचाही थांबला. काकाचा चेहरा पडला.

"आत ने," तो म्हणाला. "आत ने आधी."

झोलेकानं फांदी झोपडीच्या मागच्या भिंतीशी, थोरांच्या जागेवर नेऊन ठेवली. "मोन्दे, हे घर," ती म्हणाली. "पोचलात." आता बोलायला हरकत नव्हती. ती आईच्या अंथरुणाशी जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. "आई, आणलं ग त्याला."

आईनं मान उचलली. कित्येक महिन्यांत तिनं मान उचलली नव्हती. तिचे पांढरे पडलेले डोळे दाराकडे लागले, मग हळूहळू भिंतीच्या कडेकडेनं फिरले.

"चटया अंथर ग," ती म्हणाली. "पाहुणे उभे आहेत."

"आई, मोन्दे आहे."

"एकच चटई कशी पुरेल? दोन बाप्ये आहेत. बाया तीन. ओल्याचिंब आहेत ग बिचाऱ्या. त्यातल्या ह्या एकीला सांग, तो विळा दाराबाहेर ठेव म्हणावं. घरात नको."

दाराशी काकाची कुबडी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"आणि मोन्दे?" झोलेकानं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मोन्दे कुठाय, आई?"

आई जराशी ऐकत राहिली. कुणीतरी तिच्या कानाशी सांगत असावं तसं तिचं तोंड हलत होतं.

"हे म्हणतात, तो तिथंच आहे. ह्यांची होडी त्यानंच ढकलून दिली म्हणे... पण चढला नाही. त्याला कुणी बोलावलंच नाही." मग तिनं झोलेकाच्या हातातून आपला हात काढून घेतला. "त्याला तू नको येऊस म्हणाली होतीस, होय ग?"

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. झोलेकानं सांगितलं नव्हतं, आणि मोन्देला सांगायला दोनच दिवस मिळाले होते. ती आईच्या पायांवर डोकं ठेवून रडली. "चुकलं ग, आई. दमले होते ग मी." तिचं लक्ष पाहुण्यांकडे होतं.

काकानं तिला सगळं विचारलं. काय म्हणालीस, नेमकं कोणत्या शब्दात म्हणालीस. 'या' हे ऐकल्यावर तो कपाळाला हात लावून बसला.

"अग, जन्मात कधी तू त्याला 'या' म्हणालीस का? त्याला कसं कळणार की ते त्याला आहे? ज्यांना सतरा वर्षं कुणी काहीच म्हणालं नव्हतं, त्यांना कळलं."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. आईला भूक लागायला लागली, हे सगळ्यांत वाईट. ती चार चार घास खायची आणि म्हणायची, ह्यांनाही वाढ. झोलेका मका आणि घेवडा शिजवून पाच थाळ्या भिंतीशी ठेवायची. सकाळी थाळ्या भरलेल्याच असायच्या, फक्त अन्नावर पाणी आलेलं असायचं. झोप कुठली? चटया सरकल्याचा आवाज यायचा. आणि तरीही आई मधूनच विचारायची, "मोन्दे गारठलाय ग. त्याला कधी आत घेणार?"

पुढच्या रविवारी काकानं दुसरी फांदी कापली. झोलेका बूट घालत असताना आई अंथरुणावरून म्हणाली, "आज घर मोकळं वाटतंय. गेले वाटतं सगळे."

"खरंच गेले, आई?"

"हं. पुढं गेले."

झोलेकाचा जीव भांड्यात पडला. वाटलं, पांग फिटले. आता एकट्या मोन्देला आणायचं, मग आई डोळे मिटेल, मग मी झोपेन. या वेळी तिला स्वतःची लाजही वाटली नाही.

धक्क्यावर म्खांगेलीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "ये पोरी," तो म्हणाला. "एकटीच ना?"

"एकटीच."

ती बसल्यावर त्यानं वाकून होडीचा काठ पाहिला. काठ जिथं असायला हवा तिथंच होता. त्यानं सुस्कारा सोडला आणि अख्ख्या वाटेत तो गवत कापणाऱ्यांबद्दल एक शब्द बोलला नाही.

दांड्यावर ऊन होतं. वाळू कोरी होती, त्या वाळूवर फक्त तिच्याच बुटांचे ठसे. झोलेकानं फांदीचं टोक पाण्याला लावलं. या वेळी शब्द अडकला नाही.

"मोन्दे. फिकिलेच्या मुला. मी तुझी ताई. चुकलं माझं. ये. ये रे बाबा, घरी ये."

वारा पडला. आणि अगदी जवळून, हाताच्या अंतरावरून, तिच्या भावाचा आवाज आला. तोच, हसरा, घाई नसलेला.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागून."

जन्मभर तो तिला 'तू' म्हणत आला होता. झोलेका फांदी धरून तशीच उभी राहिली. तिच्या मागून ताज्या कापलेल्या गवताचा वास येत होता.